चालू मशीनचा कॉम्प्युटर अपग्रेड करावा का? लिनक्ससीएनसी २.९ आणि डेबियन १२, तीन महिने वापरून

लिनक्ससीएनसी म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि डेबियन १२ म्हणजे ते ज्याच्यावर चालतं ती लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम. आधीच सांगतो, हा रिव्ह्यू ज्यांच्या शॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आहे त्यांच्यासाठी आहे, घरच्या लॅपटॉपवर काय टाकू असं विचारणाऱ्यांच्या काही कामाचा नाही.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीला लागणारे लाकडाचे, एमडीएफचे, थोडेफार ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा बनतो तो नमुना, आणि आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स. २०१२ साली बाबांनी आणि मी मिळून एक राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, बांधला होता, चार बाय तीन फुटाचा, पाच मिलिमीटर पिचचे बॉल स्क्रू, स्टेपर मोटर, गॅन्ट्रीला, म्हणजे टेबलावरून सरकणाऱ्या आडव्या पुलाला, दोन्ही बाजूंनी एकेक मोटर. कंट्रोलला इंटेलचा डी५२५ ॲटमवाला छोटा बोर्ड, जुन्या प्रिंटरची वायर लागायची तो पॅरलल पोर्ट, आणि त्यावर उबुंटू १०.०४ ही लिनक्सचीच ऑपरेटिंग सिस्टीम आणि लिनक्ससीएनसी २.५. हे लिनक्ससीएनसी म्हणजे मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत नव्वदच्या दशकात जन्मलेलं ईएमसी, एनहान्स्ड मशीन कंट्रोलर. आम्ही बसवलं तेव्हा त्याचं नाव नुकतंच बदललं होतं. फुकट आहे, आणि फुकट असल्यामुळेच बाबांना त्याच्यावर पहिले सहा महिने विश्वास नव्हता.

तर ते तेरा वर्षं चाललं. एकदा हार्ड डिस्क बदलली, दोनदा एसएमपीएस, सीआर२०३२ सेल किती बदलले ते मोजले नाहीत. आता एवढं चाललेलं असताना बदलायचं डोक्यात का आलं, तर त्याला कारण विंडोजवाले. आमच्याकडे तर विंडोज नाहीच, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याच्या आधी महिनाभर आख्ख्या लेनमध्ये एकच विषय, अपग्रेड केलं का, अपग्रेड केलं का. एएमसीवाले, म्हणजे कॉम्प्युटरच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट घेणारे, प्रत्येक शॉपमध्ये येऊन घाबरवून जात होते. आमच्याकडे पण एक जण आला, स्क्रीनवर उबुंटूचा तो जुना जांभळा डेस्कटॉप बघून त्याचा चेहरा असा झाला की जणू काही आम्ही अजून चुलीवर स्वयंपाक करतोय, आणि म्हणाला सर हे फार रिस्की आहे, सगळं काढून विंडोज ११ आणि नवीन कंट्रोलर टाकून देतो, १ लाख १० हजार. मी विचारलं पल्स कोण देणार? (पल्स म्हणजे मोटरला एकेक पाऊल पुढे सरकवणारा विजेचा ठोका.) तो म्हणाला सॉफ्टवेअर देईल ना. कुठलं सॉफ्टवेअर, कुठल्या कार्डातून, काही नाही. चहा पाजला आणि पाठवला.

पण हा पल्सचा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा त्यात शिरतो, कारण अपग्रेड करायचं की नाही हे माझ्या मते फक्त यावर ठरतं.

आमच्या मोटरला एका फेऱ्यात १६०० पल्स लागतात, स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर हलायला ३२० पल्स. मशीन मिनिटाला ३००० मिलिमीटरने पळवायचं म्हटलं तर सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे १६ हजार पल्स, दर साडेबासष्ट मायक्रोसेकंदाला एक. पॅरलल पोर्टच्या मशीनमध्ये हे पल्स कोणी वेगळं यंत्र काढत नाही, कॉम्प्युटरचा प्रोसेसरच स्वतः पिन वर-खाली करत बसतो. आता साधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे सरकारी ऑफिससारखी, काम होईल पण कधी होईल ते विचारायचं नाही. माउस हलला, डिस्क वाचली, स्क्रीन रंगवायची आहे, की पल्स थांबला. अर्धा मिलिसेकंद उशीर झाला तर एक्सेलला काय फरक पडतो, पण पळत्या मोटरला पडतो, ती कर्र करून जागेवर अडकते आणि तिथून पुढे सगळा जॉब सरकलेला. म्हणून उबुंटू १०.०४ च्या त्या सेटअपमध्ये आरटीएआय नावाचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, होता, त्यात पल्सचं काम आधी आणि लिनक्स स्वतः नंतर, वेळ उरला तर. आणि ॲटमचा तो फडतूस बोर्ड नेमका या कामाला सोन्यासारखा होता, जगभर लोकांनी तो शोधून शोधून घेतला होता.

म्हणजे माझ्या मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम हाच मशीनचा एक पार्ट होता. बेअरिंगसारखा. एएमसीवाल्याला ती फक्त एक स्क्रीन वाटत होती.

मग बदलायची गरज होती का? सिक्युरिटीसाठी म्हणाल तर नाही. उबुंटू १०.०४ डेस्कटॉपचा सपोर्ट २०१३ मध्येच संपला, त्यानंतर बारा वर्षं ते मशीन नेटला जोडलेलंच नाही, फाइल पेनड्राइव्हने येते आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कशाला लावायचा नाही असा नियम आहे. व्हायरसला हसण्यावारी नेत नाहीये मी, २०१७ च्या जूनमध्ये आपल्या न्हावाशेव्याचं एक टर्मिनल अशाच भानगडीत ठप्प झालं होतं, आणि २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसीसारख्या कंपनीत नवीन मशीन बसवताना त्याच्यासोबत व्हायरस आत आला आणि प्लांट थांबला. पण तिथे मशीन एकमेकांना नेटवर्कने जोडलेली होती. माझं एकटं आहे, कोपऱ्यात.

खरी कारणं वेगळीच होती. एक तर बोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगायला लागले होते. दुसरं, गॅन्ट्रीच्या दोन्ही मोटर एकाच पल्सवर, त्यामुळे गॅन्ट्री तिरकी झाली की मामा, म्हणजे आमचे ऑपरेटर, त्यांना सगळे मामाच म्हणतात, रोज सकाळी गुण्या लावून एक बाजू हाताने फिरवून काटकोनात आणायचे. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं, ज्याच्यावर माझे पैसे जात होते, थ्रीडी फिनिशिंग, म्हणजे वळणावळणाचा पृष्ठभाग शेवटी गुळगुळीत कापणं.

थ्रीडी पॅटर्नचा प्रोग्रॅम म्हणजे पाव-पाव मिलिमीटरच्या बारीक रेषा, फाइलमध्ये लाखाच्या वर ओळी. लिनक्ससीएनसीचा जुना प्लॅनर, म्हणजे वेग ठरवणारा भाग, काय करायचा तर पुढची एकच रेषा बघायचा, आणि मशीन त्या रेषेच्या शेवटापर्यंत थांबू शकेल एवढाच वेग धरायचा. धुक्यात खंबाटकी घाट उतरताना पुढचं एकच वळण दिसत असेल तर कितीही चांगली गाडी असो तुम्ही वीसनेच जाणार, तसं. प्रोग्रॅममध्ये एफ २५००, म्हणजे मिनिटाला २५०० मिलिमीटर, लिहिलेलं, प्रत्यक्षात पाचशे-सहाशेने रांगतंय. एका पंप हाउसिंगच्या पॅटर्नला फिनिशिंगला ७ तास १० मिनिटं लागायची. २०१५ च्या २.७ व्हर्जनपासून हा प्लॅनर बदलला, तो पुढच्या बऱ्याच रेषा एकदम बघून वेग ठरवतो. हे मला तेव्हाच माहीत होतं हो. तेव्हा डेबियन व्हीझीवर आरटीएआय कर्नलसकट २.७ ची तयार सीडी मिळत होती, त्याच ॲटम बोर्डवर टाकता आली असती, एक रुपया खर्च नाही. दहा वर्षं टाळलं. चालू मशीनला हात लावायचा नाही, हे बाबांचं वाक्य आणि त्यामागे लपलेला माझा आळस.

दिवाळीत शॉप पाच दिवस बंद असतं, तेव्हा पहिला प्रयोग केला. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली, आधी क्लोनझिलाने तिची कॉपी केली, मूळ डिस्कवर मामांनी मार्करने हात लावू नये असं लिहून त्याच्यावर चिकटपट्टी मारली. मग नवीन एसएसडी लावून त्याच बोर्डवर लिनक्ससीएनसीची डेबियन १२ वाली तयार आयएसओ टाकली. इन्स्टॉलेशनबद्दल तक्रार नाही, अर्ध्या तासात डेस्कटॉप समोर. यात आरटीएआय नसतो, प्रीएम्प्ट-आरटी नावाचा कर्नल असतो, जो आता २०२४ च्या शेवटी लिनक्सच्या मूळ ६.१२ कर्नलमध्येच आला, आधी वेगळा पॅच म्हणून यायचा. टिकायला चांगला, कारण सगळं जग तो सांभाळतंय. पण वेळेचा काटेकोरपणा आरटीएआयएवढा नाही.

लॅटन्सी टेस्ट लावली, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्या वेळेपेक्षा किती उशीर करतो ते मोजायचं. ही टेस्ट लिनक्ससीएनसीसोबतच येते, आणि ती नुसती चालू करून चहा प्यायला जायचं नसतं, कॉम्प्युटरला जेवढा त्रास देता येईल तेवढा द्यायचा, ग्लॅक्सगिअर्सची ती फिरणारी चाकं उघडायची, मोठ्या फाइल कॉपी करायच्या, ब्राउझर उघडा-बंद करा, आणि कमीत कमी काही तास ठेवा, रात्रभर ठेवली तर उत्तम. जुन्या उबुंटूवर माझा जास्तीत जास्त जिटर, म्हणजे वेळेतली ही चूक, ९ मायक्रोसेकंद होता, पॅनेलच्या दारावर २०१२ साली लिहून ठेवलेलं अजून आहे. नव्यावर, त्याच बोर्डवर, ७४.

मॅन्युअलमध्ये साफ लिहिलंय, १५-२० मायक्रोसेकंदाच्या आत असेल तर सॉफ्टवेअरने पल्स काढायला मस्त, ३० ते ५० असेल तर चालेल पण टॉप स्पीडला निराश व्हाल, १०० च्या पुढे असेल तर नाद सोडा. माझ्या पल्समधलं अंतर साडेबासष्ट आणि उशीर चौऱ्याहत्तरपर्यंत. म्हणजे नवीन, सपोर्ट असलेली, सगळे जिची शिफारस करतात ती ऑपरेटिंग सिस्टीम टाकून माझं मशीन आधीपेक्षा वाईट झालं. मोटर हवेत चालवून बघितल्या तर दोन हजारच्या पुढे आवाजच बदलला, खडखड. मामा मागे उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त चिकटपट्टीवाली डिस्क आणून टेबलावर ठेवली.

डिस्क परत लावली, बाराव्या मिनिटाला मशीन जसंच्या तसं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण ही परतीची वाट ठेवल्याशिवाय कोणी हे करू नका, वेगळी डिस्क वापरा, आहे त्याच डिस्कवर अपग्रेडचं बटण अजिबात दाबू नका.

मग दोन रस्ते उरले. एक, आरटीएआय धरून बसायचं, म्हणजे ते व्हीझीवालं २.७. ज्यांना खर्च करायचा नाही आणि बोर्ड ठणठणीत आहे त्यांनी खरंच तेच करावं, प्लॅनरचा ऐंशी टक्के फायदा तिथेच मिळतो असं माझं मत आहे. दुसरा, पल्सचं काम कॉम्प्युटरकडून काढूनच घ्यायचं. माझा बोर्ड मरायला टेकला होता, आणि पॅरलल पोर्टवाला नवीन बोर्ड आता कुठे शोधणार, म्हणून दुसरा.

मेसा कंपनीचं ७आय९६एस कार्ड मागवलं. अमेरिकेहून येतं, कुरिअर आणि ड्यूटी धरून मला २६ हजारात पडलं, आणि कस्टममध्ये आठ दिवस का पडून होतं ते कोणालाच माहीत नाही. कार्डावर पाच मोटरचे पल्स काढायची सोय, ११ इनपुट, ६ आउटपुट, स्पिंडलच्या व्हीएफडीला, म्हणजे त्याचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला, ॲनालॉग सिग्नल. कॉम्प्युटरला इथरनेटच्या वायरने जोडायचं. कॉम्प्युटर दर मिलिसेकंदाला फक्त सांगतो की या मोटरला आता एवढा वेग, आणि पल्स काढायचं काम कार्डावरची एफपीजीए चिप करते, तिला ना स्क्रीन रंगवायची आहे ना माउस सांभाळायचाय. आता मला साडेबासष्ट मायक्रोसेकंदात उत्तर नको, हजार मायक्रोसेकंदात दिलं तरी चालतंय. ७४ चा जिटर हजारात कुठे दिसतो?

कॉम्प्युटर सेकंडहँड घेतला, सहाव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, ९ हजार. बाकी पाच व्होल्टचा सप्लाय, टर्मिनल, शिल्डेड वायर, दोन प्रॉक्सिमिटी स्विच असं किरकोळ सामान बुधवारात तपकीर गल्लीतून. तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात वायरिंग झालं असतं. सगळा हिशोब ३९ हजारांच्या आसपास, मामांचे आणि माझे तीन गुरुवार सोडून. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते, आणि लाइटही नेमकी गुरुवारीच जाते, त्यामुळे तीनातला एक गुरुवार नुसता बसून गेला.

आता त्रास काय काय झाला ते. नवीन पीसीवर पहिल्याच दिवशी जिटर १८० दाखवत होता, बायॉसमध्ये जाऊन सी-स्टेट आणि स्पीडस्टेप म्हणजे वीज वाचवायचे सगळे उद्योग बंद केले, प्रोसेसरचा एक कोर आयसोलसीपीयू लिहून फक्त मशीनसाठी राखून ठेवला, तेव्हा ४१ वर आला. एवढा पुरतो. मग दुसऱ्या आठवड्यात चालू जॉबमध्ये एरर फिनिशिंग रीड असा मेसेज येऊन मशीन थांबलं. हा मेसेज मेसावाल्या सगळ्यांनी आयुष्यात एकदा बघितलेला असतो, कार्डाकडून उत्तर वेळेत आलं नाही असा त्याचा अर्थ. यात चांगली गोष्ट अशी की कार्डावर वॉचडॉग आहे, कॉम्प्युटरचा आवाज यायचा बंद झाला की कार्ड सगळे आउटपुट स्वतः बंद करतं, मशीन सुटत नाही. जॉब वाया गेला नाही, कारण मामा तिथेच होते आणि रफिंग, म्हणजे सुरुवातीचं जाडंभरडं कापणं, चालू होतं. कारण निघालं बोर्डवरची रिअलटेकची लॅन. सेकंडहँड इंटेलचं लॅन कार्ड ७०० रुपयांना आणून लावलं, आणि सेटिंगमध्ये पॅकेट साठवून एकदम द्यायची त्याची सवय बंद केली, तेव्हापासून तो मेसेज दिसलेला नाही. कोणी मेसा घेणार असेल तर पीसी बघतानाच इंटेलची लॅन बघून घ्या, माझे ते ७०० रुपये आणि एक रात्र तुमची वाचेल.

जुन्या सेटिंगच्या फाइल नव्यावर आणायचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं पण पूर्ण नाही. २.८ व्हर्जनपासून ॲक्सिस आणि जॉइंट हे दोन वेगळे केलेत, जुन्या फाइलमध्ये जिथे ॲक्सिस झीरो लिहिलेलं तिथे आता जॉइंट झीरो लागतं. जुनी फाइल उघडली की लिनक्ससीएनसी स्वतःच विचारतं बदलून देऊ का, आणि जुन्याची कॉपी ठेवून बदलूनही देतं. पण माझी फाइल पॅरलल पोर्टची, त्यामुळे मेसाच्या कॉन्फिगरेशन टूलने नवीन बनवली आणि जुनीतले आकडे बघून बघून भरले. टूल टच-ऑफसाठी, म्हणजे टूलची उंची शून्याला लावायला, मी स्वतः लिहिलेली एक छोटी पायथनची स्क्रिप्ट होती, ती पायथन २ ची, आणि २.९ मध्ये पायथन ३, त्यामुळे प्रिंटला कंस नाही म्हणून बोंबलली. तासाभराचं काम.

एक चूक मात्र पूर्ण माझी आणि ती महागात पडली. जुन्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये स्टार्टअप कोडची एक ओळ होती, त्यात जी६४ पी०.०३ लिहिलेलं, म्हणजे मशीनने कोपरा वळताना रेषेपासून ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. नवीन फाइल बनवताना ती ओळ आलीच नाही. ती नसेल तर मशीन नुसतं जी६४ मध्ये चालतं, म्हणजे वेग सांभाळ, कोपऱ्याचं नंतर बघू. जुन्या रांगत्या मशीनमध्ये विसरलो असतो तर कदाचित लक्षातही आलं नसतं, पण आता मशीन खरोखर २५०० ने पळतंय. सागवानाचा एक कोअर बॉक्स निघाला, सगळे आतले कोपरे अर्धा-अर्धा मिलिमीटर गोल. रेडियस गेजने बघायची पण गरज नव्हती, बोटाला कळत होतं. लाकूड साडेतीन हजारांचं. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, पण एवढी महत्त्वाची गोष्ट डिफॉल्टला ढिली ठेवतात याचा मला राग आहे आणि तो राहणार.

फायदा काय झाला ते सांगतो. तोच पंप हाउसिंगचा पॅटर्न, तीच फाइल, तेच बॉल नोज टूल, ४ तास २० मिनिटं. मोटर त्याच, स्क्रू तेच, ॲक्सिलरेशन तेच. जी६४ टाकल्यानंतरचा हा टाइम आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मध्येच कुठेतरी प्रोग्रॅम सोडलाय म्हणून सरफेस पूर्ण तपासला. दिवसाला एकाऐवजी दोन फिनिशिंग बसतात आता, नऊच्या आत शटर खाली.

आणि गॅन्ट्री. आता दोन्ही बाजूंना वेगळे जॉइंट, वेगळे होम स्विच, म्हणजे मशीनला आपली शून्य जागा दाखवणारे, होम सीक्वेन्सला उणे आकडा दिला की दोन्ही बाजू आपापला स्विच शोधतात आणि शेवटची चाल एकत्र करतात. गॅन्ट्री स्वतःच काटकोनात येते. मामांनी पहिले पंधरा दिवस होम झाल्यावर तरी गुण्या लावून बघितला. आता आठवड्यातून एकदा बघतात. पूर्ण सोडणार नाहीत, आणि मी सोडा म्हणणारही नाही.

न आवडलेलं म्हणजे स्क्रीन. ॲक्सिस नावाची मूळ स्क्रीन तेरा वर्षांपूर्वी होती तशीच आहे, बारीक अक्षरं, करडा रंग. नवीन क्यूटीड्रॅगन नावाची दिसायला चांगली आहे, टचस्क्रीनला बरी, मी हौसेने तीच लावली होती. तर मामा म्हणाले, "दादा, तुम्ही मशीन बदललं ते बदललं, आता बटणं पण इकडची तिकडं केली. एस्टॉप कुठंय ते शोधत बसू का मी?" एस्टॉप, म्हणजे इमर्जन्सी स्टॉप, अर्थातच पॅनेलवर लाल बटण आहे आणि सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही, सरळ कॉन्टॅक्टर पाडतो, पण त्यांचं म्हणणं मुद्द्याचं होतं. परत ॲक्सिस लावली, अक्षरं मोठी केली. मॅन्युअल भरपूर आहे पण कुठे काय लिहिलंय ते सापडत नाही, पीडीएफ हजार पानांच्या पुढे जाते, आणि मराठी-हिंदीत शिकवणारं फार कमी आहे, आपल्याकडचे व्हिडिओ सगळे विंडोजवरच्या मॅक३ या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरचे आणि डीएसपी हँडल या हातात धरायच्या कंट्रोलरचे.

मॅक३ वरून आठवलं, शेजारच्या लेनमध्ये एकांकडे विंडोज ७ वर मॅक३ आहे, पॅरलल पोर्टचंच. त्यांना पण कोणीतरी विंडोज ११ ची गळ घातली होती, आणि त्यांनी मला विचारलं तेव्हा मी हात जोडले. मॅक३ चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. म्हणजे अपग्रेड केल्याच्या दुसऱ्या मिनिटाला मशीन म्हणजे शोपीस. शिवाय त्यांच्या जुन्या पीसीत टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप नाही, तो विंडोज ११ घेणारच नाही, पण तो वेगळा मुद्दा. त्यांना सांगितलं, एक तर विंडोज ७ आहे तसं ठेवा, नेटची वायर उपटा, डिस्कची कॉपी काढून लॉकरमध्ये ठेवा, मॅकची लायसन्स फाइल वेगळी जपून ठेवा. किंवा बदलायचंच तर आधी इथरनेटचं मोशन कार्ड घ्या, स्मूथस्टेपरसारखं, ते ६४ बिटवर चालतं, मग हवं ते विंडोज टाका, फक्त अपडेट बंद ठेवा. एका ओळखीच्यांच्या शॉपमध्ये रात्री दोन वाजता अपडेट येऊन पीसी रिस्टार्ट झाला होता, टूल जॉबमध्ये घुसलेलं आणि स्पिंडल चालू. सकाळी येऊन बघतात तर लाकूड जळून काळं. आग लागली नाही हे नशीब.

डेबियन १३ पण आलंय, २०२५ च्या ऑगस्टमध्ये. मी नाही टाकणार. १२ ला २०२८ च्या जूनपर्यंत एलटीएस, म्हणजे वाढीव सपोर्ट, आहे, आणि मशीन नेटला नाहीच, तेव्हा ती तारीख पण मला लागू नाही. कार्ड वेगळं आहे तोपर्यंत पुढेमागे ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची झाली तर ते एका गुरुवारचं काम राहील, लाइट असेल तर.

रेटिंग द्यायचं म्हणाल तर लिनक्ससीएनसी २.९ ला पाचात साडेचार, अर्धा त्या जी६४ साठी कापला. मेसाच्या कार्डाला पाच. त्याच जुन्या बोर्डवर, पॅरलल पोर्ट ठेवून, नुसतं डेबियन १२ टाकायच्या आयडियेला एक, तो पण इन्स्टॉलर छान आहे म्हणून.

जुना ॲटम बोर्ड भंगारात द्यायला निघालो होतो, मामांनी दिला नाही. चिकटपट्टीवाल्या डिस्कसकट तो स्टोअरमध्ये वरच्या फळीवर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते खाली काढून दहा मिनिटं चालू करून बघतात. गेल्या खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू अजून त्याच्या डब्यावर तसंच आहे.